सातव्या किल्लीचा चौथा खर्डा: लेखनवर्गाचा नववा आठवडा

बारा आठवड्यांच्या ऑनलाइन कथालेखन वर्गातील नववा आठवडा काल संपला. मागची नोंद चौथ्या आठवड्यानंतरची आहे आणि त्यानंतर या वहीत काहीच उतरले नाही, याचे कारण आळस नसून एक कथा आहे. वर्गात नाव घातले तेव्हा बारा आठवड्यांत तीन कथा पूर्ण करण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात एकाच कथेचे चार खर्डे झाले. पहिला २१०० शब्दांचा होता, चौथा १३८० शब्दांचा आहे. माझा व्यवसाय हिशेब तपासण्याचा असल्यामुळे अशा घटीला प्रगती म्हणायला मला बराच वेळ लागला.

वर्गाची रचना साधी आहे. आम्ही आठ जण आहोत, सगळेच नोकरी-व्यवसाय करणारे किंवा नुकतेच त्यातून मोकळे झालेले. त्रेपन्न वर्षे पार केलेली मी त्यांत वयाने दुसऱ्या क्रमांकावर आहे. आठवड्यातून एकदा दीड तासाची भेट असते आणि प्रत्येक भेटीत दोघांच्या कथांवर चर्चा होते. कथा तीन दिवस आधी सामायिक फाइलमध्ये ठेवायची, बाकीच्यांनी ती वाचून समासात टिपा लिहायच्या आणि भेटीच्या वेळी त्या टिपांच्या पलीकडे जाऊन बोलायचे, असा शिरस्ता आहे. पहिले सहा आठवडे लेखकाने चर्चेच्या वेळी एक शब्दही बोलायचा नव्हता. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३६ मध्ये सुरू झालेल्या लेखन कार्यशाळेने रूढ केलेली ही पद्धत असल्याचे आमच्या शिक्षिकांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. तेव्हा ती मला शिक्षेसारखी वाटली.

माझी कथा एका निवृत्त होणाऱ्या कारकुनाची आहे. शेवटच्या दिवशी तो कार्यालयाच्या किल्ल्यांचा जुडगा परत करतो आणि त्यात एक किल्ली अशी निघते की, ती कोणत्या कुलपाची हे कोणालाच माहीत नाही. प्रसंग मी स्वतः पाहिलेला आहे. पहिल्या खर्ड्याची सुरुवात येथे आहे तशीच देते, कारण या छंदात असलेल्या पुष्कळांना आपलाही पहिला खर्डा त्यात दिसेल:

«निवृत्तीच्या दिवशी सदर कर्मचाऱ्याचे मन भरून आले होते. त्याने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला होता. बाहेर पाऊस पडत होता. सगळे गप्प होते.»

«सदर» हा शब्द माझ्या नजरेतून तीन वेळा निसटला होता. वीस वर्षांहून अधिक काळ अहवाल लिहिणाऱ्या हाताने तो आपसूक टाकला होता आणि वर्गातील सगळ्यात तरुण सदस्याने समासात केवळ एक हसरा चेहरा काढून तो दाखवून दिला. खरा धक्का मात्र चर्चेत बसला. दोघांनी विचारले की, ज्या किल्लीचे कुलूप कोणालाच माहीत नाही ती जुडग्यात इतकी वर्षे राहीलच कशी? मायक्रोफोन बंद होता, तरी माझे ओठ हलत असल्याचे मला पडद्यावर दिसत होते. «पण हे खरेच असे घडले होते», एवढेच मला सांगायचे होते आणि नेमके तेच सांगण्याची मुभा नव्हती. पंधरा मिनिटे गप्प बसल्यावर लक्षात आले की, घडले असणे हा माझ्याकडचा पुरावा आहे, पानावरचा नव्हे. लेखापरीक्षणात जोडपत्रात नसलेली पावती मी कधी मान्य केली नाही. कथेत मात्र तोंडी खुलाशावर भागेल असे मी गृहीत धरले होते. (तेव्हापासून चर्चेच्या वेळी स्वतःचा चेहरा दिसणारी चौकट मी बंद करते. इतरांचे बोलणे ऐकताना आपलेच हावभाव पाहात बसण्याइतके चित्त विचलित करणारे दुसरे काही नाही.)

पाचव्या आठवड्याचे श्रेय एका कंटाळवाण्या मोजणीला द्यावे लागेल. पहिल्या खर्ड्याच्या पहिल्या पानावरील वाक्ये मी मोजली. ती ३१ भरली आणि त्यांतील २२ वाक्ये होता, होती, होते किंवा होत्या यांपैकी एकावर संपत होती. मराठीत क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते, त्यामुळे एकाच काळात लिहिलेल्या परिच्छेदात प्रत्येक वाक्याचा शेवट नकळत यमकासारखा वाजू लागतो आणि मोठ्याने वाचून पाहिल्याशिवाय हे कानाला जाणवत नाही. त्यावरचे उपाय आपल्याकडे भरपूर आहेत. वर्णनात क्रियापद गाळता येते («टेबलावर किल्ल्या, भिंतीवर गेल्या वर्षीचे कॅलेंडर»), वारंवार होणाऱ्या क्रियेसाठी «तो मोजत असे» हा रीतिभूतकाळ वापरता येतो, आणि प्रयत्न करूनही न जमणाऱ्या गोष्टीसाठी «सांगता येईना», «आठवेना» ही रूपे तर इतकी नेमकी आहेत की, त्यांना पर्याय शोधू नये. भूतकाळातला प्रसंग वर्तमानकाळात सांगण्याचा मोहही मला झाला होता. एका खर्ड्यात तो पुरवून पाहिला आणि दोन पानांनंतर कोणीतरी कानाशी क्रिकेटचे समालोचन करत असल्यासारखे वाटू लागले, म्हणून सोडून दिला.

सहाव्या आठवड्यातील गृहपाठ या संपूर्ण वर्गातील माझा सर्वांत आवडता आहे आणि त्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे. प्रथमपुरुषी निवेदनात ३०० शब्द लिहायचे, काळ मुख्यतः भूतकाळ ठेवायचा आणि निवेदक स्त्री आहे की पुरुष हे कोठेही कळू द्यायचे नाही, एवढीच अट होती. ज्या भाषांत क्रियापदाला लिंग नसते, तेथे हा गृहपाठ दहा मिनिटांचा असेल. मराठीत «मी आलो» किंवा «मी आले» म्हणताक्षणी निवेदक उघडा पडतो. पहिल्या प्रयत्नात पहिले वाक्यच «मी खुर्चीवर बसले» असे उतरले आणि काम संपले.

मग शाळेतील व्याकरण आठवले. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्यामागे जाते, कर्मणी प्रयोगात ते कर्मामागे जाते, हे आपण परीक्षेपुरते घोकलेले असते. त्याचा उपयोग निवेदक लपवण्यासाठी होईल असे मला कधी सुचले नव्हते. «मी दार उघडले», «मी किल्ली उचलली», «मी कागद चाळले» या वाक्यांत क्रियापद दार, किल्ली आणि कागद यांच्याशी बांधलेले आहे, मी कोण याच्याशी त्याला कर्तव्य नाही. «मी त्याला हाक मारली» हेही सुरक्षित. भविष्यकाळातील «मी जाईन» सुरक्षित, «मी जात आहे» सुरक्षित, «मी जात असे» सुरक्षित. पण «मी जात होते» म्हटले की पकडले जाणार. शिवाय काही क्रियापदे दगा देतात: शिकणे, बोलणे, विसरणे यांना कर्म असूनही ती भूतकाळात कर्त्यामागेच जातात. «मी नाव विसरले» या एका वाक्याने माझा दुसरा प्रयत्न वाया गेला. तेथे शेवटी «नाव आठवेना» लिहिले, आणि ते मूळ वाक्यापेक्षा चांगले निघाले.

तिसऱ्या प्रयत्नात ३०० शब्द पूर्ण झाले, पण वाचून पाहिल्यावर एक वेगळेच माणूस समोर आले. माझ्या निवेदकाला भूतकाळात येणे, जाणे, बसणे, हसणे, घाबरणे यांतले काहीच स्वतःच्या नावावर करता येत नव्हते. त्यामुळे ते माणूस सतत काहीतरी उघडत, उचलत, मोजत, ठेवत होते, आणि भावना मात्र त्याच्याकडे बाहेरून येत होत्या: मला राग आला, मला भीती वाटली, मला हसू फुटले. हात कायम कामात आणि मन कायम पाहुण्यासारखे दारात उभे, असा काहीसा स्वभाव निव्वळ व्याकरणाच्या अटीमुळे तयार झाला होता. मी तो परिच्छेद बाजूला ठेवला, किल्लीच्या कथेकडे वळले आणि लक्षात आले की माझा कारकून नेमका असाच आहे. «त्याचे मन भरून आले होते» हे वाक्य त्याच रात्री काढले. चौथ्या खर्ड्यात ती जागा आता अशी आहे:

«जुडगा सोडवून त्याने एकेक किल्ली टेबलावर मांडली आणि प्रत्येकीचे कुलूप सांगितले. सातवीपाशी तो थांबला. ती कशाची, हे त्यालाही सांगता येईना. इतरांनी सहांची पोच लिहून दिली. सातवी त्याने परत खिशात टाकली.»

पाऊस गेला, हे सांगायला नकोच. समासात तिघांनी त्याच्यावर बोट ठेवले होते आणि तिघांचेही म्हणणे योग्य होते. «इतरांनी» हा शब्द मात्र मला अजून खटकतो आहे. पोच कोणीतरी एकच माणूस लिहितो.

सातव्या आठवड्यापासून चर्चेची पद्धत बदलली. लिझ लर्मन या अमेरिकी नृत्यदिग्दर्शिकेने १९९० मध्ये मांडलेली ही पद्धत आहे आणि ती नृत्यासाठी जन्मली असली, तरी लेखनवर्गांनीही ती उचलली आहे. तिचे चार टप्पे आहेत. आधी वाचकांनी कथेतील कोणती गोष्ट मनात राहिली ते सांगायचे. मग लेखकाने वाचकांना प्रश्न विचारायचे. नंतर वाचकांनी लेखकाला असे प्रश्न विचारायचे की ज्यांत मत दडलेले नाही. आणि अखेरीस, लेखकाची परवानगी घेऊन, मत द्यायचे. तिसरा टप्पा ऐकायला सोपा वाटतो, पण «पाऊस कशाला घातला?» हे प्रश्नाचा वेष घेतलेले मत आहे आणि «पाऊस आल्याने त्या खोलीत काय बदलते?» हा प्रश्न आहे, हा भेद आम्हा आठ प्रौढांना जमायला दोन भेटी लागल्या.

माझ्यापुरता दुसरा टप्पा सर्वांत अवघड ठरला. पहिल्या वेळी मी विचारले, «कथा आवडली का?» शिक्षिका शांतपणे म्हणाल्या की, हा प्रश्न कथेबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे. मग मी गप्प झाले, आणि या वेळी तसा नियम नव्हता. आपल्या कथेत आपल्याला नेमके काय माहीत नाही, हे ठाऊक असल्याशिवाय चांगला प्रश्न विचारता येत नाही. वर्गातील काहींचे मत आहे की जुनी मौनाची पद्धत कठोर होती आणि ती सुरुवातीपासूनच टाळायला हवी होती. मला तसे वाटत नाही. सहा आठवडे तोंड बंद ठेवले नसते, तर दुसऱ्या टप्प्यात मी प्रश्नांऐवजी खुलासेच केले असते. मात्र क्रम उलटा असता तर मी तिसऱ्या आठवड्यातच वर्ग सोडला असता का, असे कोणी विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही.

शुद्धलेखनाचा मुद्दा थोडक्यात आटोपते, कारण त्यात मी स्वतः दोषी आहे. दुसऱ्या आठवड्यात एका सहकाऱ्याच्या कथेवर मी १९ टिपा लिहिल्या होत्या आणि त्या सगळ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या होत्या. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये मान्य केलेले नियम मला बऱ्यापैकी पाठ आहेत, पण ती कथा एका मरणाविषयी होती आणि तिच्याबद्दल मी एक अक्षरही लिहिले नव्हते. त्याहून वाईट म्हणजे, पात्रांच्या तोंडचे «केलं», «म्हटलं» मी बदलून «केले», «म्हटले» केले होते. संवादात उच्चाराप्रमाणे लिहिण्याला नियमांचाही आक्षेप नाही. आक्षेप फक्त माझ्या अहवाली सवयीचा होता. आता पहिल्या वाचनाच्या वेळी मी फाइल केवळ वाचण्यापुरतीच उघडते.

मुक्तलेखनाची प्रगती बेताची आहे. दहा मिनिटे न थांबता, न खोडता लिहीत राहायचे, हा अमेरिकी लेखनशिक्षक पीटर एल्बो यांनी १९७३ मध्ये लोकप्रिय केलेला सराव आम्हाला रोज करायचा आहे. उच्चारानुसारी टंकन (रोमन अक्षरांत टाइप करून मराठी उमटवणे) करताना तो मला जमतच नव्हता, कारण प्रत्येक शब्दागणिक खाली चार पर्याय उगवत आणि नजर त्यांत अडकून हात थबके. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक शिकायला घेतला आहे. त्यात स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे असल्यामुळे लय चांगली लागते असे जाणकार सांगतात. माझी गती अद्याप इतकी मंद आहे की, विचार पुढच्या वळणावर जाऊन माझी वाट पाहतो. तोवर वही आणि पेन. गेल्या २८ दिवसांपैकी १७ दिवस सराव झाला.

दहाव्या आठवड्यात माझी पाळी आहे आणि कथा गुरुवारपर्यंत फाइलमध्ये ठेवायची आहे. «इतरांनी» तोपर्यंत बदलेल. दुसऱ्या टप्प्यासाठी दोन प्रश्न लिहून ठेवले आहेत. पहिला असा: सातवी किल्ली खिशात गेल्यानंतर कथा अजून दीड पान चालते, तुम्ही कोणत्या वाक्यापर्यंत त्या किल्लीचा विचार करत होता? दुसरा प्रश्न मी आतापर्यंत दोनदा खोडला आहे, कारण कसाही फिरवला तरी तो «कथा आवडली का?» असाच वाचला जातो.