एकोणीस दिवसांचा माल

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका चादर-टॉवेलच्या कारखान्याला मी मालाच्या नोंदीचा प्रोग्रॅम करून दिला होता. डेटाबेस एसक्यूलाइटचा, म्हणजे वेगळा सर्व्हर नाही, सगळा हिशेब एका फाइलीत; एवढ्या कामाला तोच योग्य, हे माझे मत आजही कायम आहे. दिवाणजी रोज संध्याकाळी ती फाइल पेनड्राइव्हवर घेत आणि आम्ही दोघेही निर्धास्त असू.

मे महिन्यातल्या एका दुपारी वीज दोनदा गेली-आली आणि संगणकाचा पॉवर सप्लाय जळाला. आदल्या संध्याकाळची फाइल दुसऱ्या संगणकावर चढवली, तर तिच्यातली शेवटची नोंद एकोणीस दिवसांपूर्वीची निघाली. "काय ओ साहेब, मधला माल गेला कुठं?" या मालकांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

जळालेल्या संगणकाची हार्ड डिस्क काढून जोडली, तेव्हा मुख्य फाइल ११ एमबीची आणि शेजारी तिच्याच नावाला 'वॉल' (राइट-अहेड लॉग, म्हणजे आधी लिहायची कच्ची वही) हे शेपूट लागलेली फाइल ६८ एमबीची दिसली. २०१० पासून एसक्यूलाइटमध्ये असलेल्या या पद्धतीत नवी नोंद आधी वॉल फाइलीत जाते आणि तिथे साधारण १००० पाने (डेटाबेस फाइलीचे ठरावीक आकाराचे तुकडे) साठली की मुख्य फाइलीत वळती होते. मात्र कोणी जुनी स्थिती वाचत बसलेले असेल, तर त्यानंतरची पाने वळती करता येत नाहीत. वाचत बसला होता माझाच प्रोग्रॅम. शिल्लक मालाच्या पडद्यासाठी उघडलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी, मी बंदच केली नव्हती, आणि तिन्ही पाळ्यांत चालणारा तो संगणक एकोणीस दिवसांत एकदाही बंद झाला नव्हता.

दोन्ही फाइली एका नव्या फोल्डरमध्ये घेऊन उघडल्या, तशा सगळ्या नोंदी परतल्या. शेवटची नोंद त्या दिवशीच्या चलनाशी जुळवून पाहिली. त्याच रात्री ती क्वेरी बंद केली आणि चालू डेटाबेसची पूर्ण प्रत काढणारी 'व्हॅक्यूम इंटू' ही आज्ञा बॅकअपसाठी बसवली.

निघताना दिवाणजींनी हळूच सांगितले, की जागा अडवते म्हणून ती फुगलेली फाइल त्यांनी आठवड्यापूर्वी पुसायचा प्रयत्न केला होता. प्रोग्रॅम चालू असल्यामुळे विंडोजने ती पुसू दिली नाही.