साबी सँड्स: सिंहांची हद्द वेगळी, जीपची वेगळी

आधीच सांगतो, 'सिंहांची मारामारी दिसणारच' असं एजंट म्हणाला की सरळ फोन ठेवा. आम्ही नाही ठेवला.

साउथ आफ्रिकेत साबी सँड्सला चार रात्री होतो. हे खासगी अभयारण्य क्रुगर नॅशनल पार्कला लागूनच आहे, मधलं कुंपण १९९३ मध्येच काढलंय, त्यामुळे सिंह हवे तिकडे फिरतात. मापोगो ही सिंहांची टोळी इथलीच, सहा नर, २००६ च्या आसपास येऊन इथले नर, माद्या, बछडे मारत सुटले होते. २०१० मध्ये 'माजिंगिलाने' नावाच्या दुसऱ्या टोळीने त्यातला एक मारला आणि तिथून मापोगोंचं बिनसलं. हे सगळं वाचून गेलेलो, त्यामुळे डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

तिसऱ्या पहाटे इकडून डरकाळी, पलीकडून लगेच उत्तर. ट्रॅकरला वाळूत ताजे ठसे मिळाले, तीन नर, कुठेही न रेंगाळता सरळ चालत गेलेले. आम्ही मागे मागे, आणि एका कच्च्या रस्त्यावर जीप बंद. का, तर पलीकडची जमीन शेजारच्या लॉजची, तिथे जायचा आमच्या लॉजचा करार नाही!! सव्वा तास उघड्या जीपमध्ये जुलैच्या थंडीत कुडकुडत बसलो, समोरच्या झाडीत नुसती गुरगुर आणि फांद्या मोडल्याचा आवाज, दिसलं शून्य. प्रायव्हेट जीपचे जादा पैसे भरले होते, तीसुद्धा त्याच रेघेवर उभी. पैसे पाण्यात.

म्हणून बुकिंगआधी लेखी विचारा: तुमच्या गाड्या नक्की कुठपर्यंत जातात, आणि सध्या कुठली टोळी कुठल्या बाजूला आहे. दुसऱ्या प्रश्नाला 'सिंह भरपूर आहेत' एवढंच उत्तर आलं तर ते लॉज सोडा. दोन लॉजमध्ये दोन-दोन रात्री करू नका, एकाच जागी राहिलं तरच कोण कोणाला हाकलतंय ते कळतं. क्रुगरमध्ये स्वतः गाडी चालवून हे बघायचं म्हणाल तर विसरा, रस्ता सोडता येत नाही आणि खरी भांडणं बहुतेक रात्री, तेव्हा तुम्ही कॅम्पात कोंडलेले. डरकाळी आठ किलोमीटरपर्यंत ऐकू येते, तेव्हा 'जवळच आहेत' वर टिप देऊ नका. हातमोजे न्या.

बाकी बिबट्या, हत्ती वगैरे झालं, छान होतं.

त्या तिसऱ्या दिवशीच दुपारी आमच्या बाजूला एक नर दिसला, मागचा पाय फाटलेला, चाटत पडलेला. रेंजर म्हणाला हा इथला जुना मालक. आता नवे आले की आधी बछडे मारणार, म्हणजे माद्या लवकर माजावर येतात, आणि नव्यांना तरी वेळ कुठे असतो, टोळीचं राज्य साधारण दोन-तीन वर्षांचं. हे सगळं तो इतक्या शांतपणे सांगत होता की मला रागच आला.

शेवटच्या रात्री डरकाळ्या फक्त पलीकडूनच येत होत्या. साडेतीनपर्यंत जागा होतो, इकडून एकदाही उत्तर आलं नाही.