आरटीई अर्ज: नकाशावरची खूण आणि भाडेकरार

खासगी विनाअनुदानित शाळांत आरटीईखाली, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी 25 टक्के जागा राखीव असतात, हे सोलापुरात आता बहुतेक पालकांना ठाऊक आहे. तरी अर्ज अडकतात, आणि ते मुख्यतः पत्त्यावरून.

ऑनलाइन अर्जात गुगल नकाशावर घराची खूण करावी लागते. शाळेचं अंतर तिथूनच मोजलं जातं: आधी 1 किलोमीटरच्या आतले, मग 1 ते 3. विडी घरकुलात राहणाऱ्यानं घाईत खूण अशोक चौकात टाकली, तर लॉटरीत नंबर लागूनही पडताळणीत प्रवेश जातो. नेट कॅफेवाल्यावर सोडू नका. खूण स्वतः, नकाशा मोठा करून तपासा.

भाड्याच्या घरात असाल तर करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच हवा. नुसता नोटरी केलेला चालत नाही. तो अर्ज भरण्याआधीचा असावा, नंतर धावपळ करून उपयोग नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण: कर्नाटक किंवा तेलंगणातला जातीचा दाखला इथे ग्राह्य धरत नाहीत. आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज असेल तर 1 लाखाच्या आतल्या वार्षिक उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून लागतो.

शाळा 10 पर्यंत निवडता येतात, पण रोज पोर सोडायला जमेल तेवढ्याच टाका. नंबर लागून प्रवेश नाकारला तर पुढच्या फेरीत संधी मिळत नाही. एका मुलाचे दोन अर्ज तर मुळीच नकोत, दोन्ही बाद होतात. आणि एसएमएसची वाट बघत बसू नका, पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून बघत राहा.