हिरोशिमाच्या पुलाअलीकडे

६ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी आठ वाजून पंधरा मिनिटांनी, म्हणजे १९४५ मध्ये अणुबाँब पडला त्याच वेळी, मी हिरोशिमाच्या शांतता उद्यानात नव्हते. ज्या एका मिनिटासाठी नागपूरहून मुंबई, मुंबईहून मध्ये एकदा विमान बदलून ओसाका आणि ओसाकाहून दीड तास बुलेट ट्रेन असा प्रवास केला, ते मिनिट मी मोतोयासू नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी, पिशव्या तपासण्याच्या रांगेत उभी राहून घालवले. दोष कोणाचा म्हणाल, तर माझाच. हिरोशिमाची ट्राम आता थेट स्टेशनच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर येते, आणि ही नवी मार्गिका जेमतेम तीन दिवसांपूर्वी सुरू झालेली असल्यामुळे तिथे स्थानिक लोकच हौसेने फोटो काढत उभे होते. मीही काढले. ओसाकाला नोकरी करणारी माझी भाची "मावशी, चल, चल" म्हणत असताना समोरची ट्राम निघून गेली, आणि पुढच्या ट्राममध्ये आम्ही कशाबशा चढलो तेव्हा दादरच्या फलाटाची आठवण व्हावी इतकी गर्दी होती, फक्त आवाज नव्हता.

२०२४ पासून ६ ऑगस्टच्या सकाळी संपूर्ण उद्यानात प्रवेशावर नियंत्रण असते. पिशवी उघडून दाखवावी लागते आणि फलक, कर्णे अशा वस्तू आत नेता येत नाहीत. अण्वस्त्रे नष्ट करा, असे लिहिलेला पुठ्ठा घेऊन त्या दिवशी त्या जागी जाता येऊ नये, हे मला तेव्हाही विचित्र वाटले आणि आताही वाटते. समारंभात गोंधळ होऊ नये हे कारण मला समजते, पटत मात्र नाही. रांगेत आमच्यापुढे असलेल्या दोन वृद्ध बायकांनी त्यावरही तोडगा काढलेला होता. त्यांच्या कापडी पिशव्यांना रंगीत कागदी बगळ्यांच्या (इथली शांततेची खूण) माळा शिवलेल्या होत्या, आणि पिशवी तपासणाऱ्याला त्यावर काही बोलता आले नाही.

सव्वाआठला उद्यानातली घंटा झाली. पुलापाशी ती अगदी पुसट ऐकू आली. रांग जिथल्या तिथे थांबली, लोकांनी टोप्या काढल्या, आणि मग झाडांवरच्या सिकाडा किड्यांखेरीज (आपल्या रातकिड्यांचे हे दिवसपाळीतले भाऊ) कशाचाही आवाज उरला नाही. म्हणजे उरायला नको होता. आमच्या मागे उभा असलेला एक परदेशी पर्यटक हात लांब करून स्वतःच्या फोनशी बोलत होता, आणि या क्षणी आपण किती भारावलो आहोत हे आपल्या प्रेक्षकांना पूर्ण साठ सेकंद सांगत होता. मला इतका संताप आला की मौनातले अर्धे मिनिट मी त्याला मनातल्या मनात अस्सल वऱ्हाडी शिव्या देण्यात घालवले. शेजारच्या आजोबांनी मात्र त्याच्याकडे मान वळवूनही पाहिले नाही. त्यांनी छातीशी धरलेली गवती टोपी थोडीशी थरथरत होती, आणि ती वयाने थरथरत होती की आणखी कशाने, हे विचारण्याचा मला अधिकार नव्हता.

आदल्या दिवसाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. उद्यानातल्या वस्तुसंग्रहालयाचे तिकीट तेव्हा २०० येन होते, म्हणजे आपले सव्वाशे रुपयेसुद्धा नाही, आणि गर्दी इतकी की प्रत्येक काचेसमोर तीन-तीन रांगा. मी शाळेत मराठी शिकवते, रोज दुपारी पन्नास डबे उघडताना पाहते, त्यामुळे एका शाळकरी मुलाच्या डब्यासमोर माझे पाय थांबले. आगीचा फैलाव रोखण्यासाठी घरे पाडून मोकळे पट्टे तयार करण्याच्या कामाला त्या सकाळी हजारो शाळकरी मुले जुंपलेली होती. त्यांतल्या एकाचा हा पत्र्याचा डबा. झाकण वाकडे झालेले, आणि आत अन्नाचा कोळसा. डोक्यावर सुमारे ६०० मीटरवर बाँब फुटला आणि १९४५ संपेपर्यंत अंदाजे १,४०,००० माणसे मेली, हे मी पाठ्यपुस्तकात वाचले होते, मुलांकडून पाठ करून घेतले होते आणि पेपरात विचारलेही होते. डबा मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता.

त्याच दुपारी एका बाईंचे कथन ऐकले. त्या स्वतः बाँबमधून वाचलेल्या नव्हत्या. बाँबमधून वाचलेल्यांना जपानीत 'हिबाकुशा' म्हणतात, त्यांची संख्या २०२५ मध्ये पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली आली आणि सरासरी वय ८६ च्या पुढे गेले. म्हणून हिरोशिमा शहराने २०१२ पासून 'वारसदार' तयार करायला घेतले. एका हिबाकुशाच्या सहवासात राहून त्याची आठवण बारकाव्यांसह आत्मसात करायची आणि ती त्याच्या वतीने सांगत राहायची, असे हे काम आहे. त्या बाईंना कागद लागत नव्हता. दुसऱ्याचे दुःख मुखोद्गत करून पंचवीस अनोळखी माणसांसमोर ठेवायचे, आणि उद्या पुन्हा तेच करायचे. अण्वस्त्रबंदी हा परराष्ट्रमंत्र्यांचा विषय असतो, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात १९५४ मध्ये बिकिनी बेटावरच्या अमेरिकी हायड्रोजन बाँबच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, तेव्हा टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी सह्यांची मोहीम उचलून धरली आणि देशभरातून तीन कोटींहून अधिक सह्या जमल्या. हिबाकुशांची 'निहोन हिदानक्यो' ही संघटना १९५६ मध्ये स्थापन झाली. तिला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला तो २०२४ मध्ये, अडुसष्ट वर्षांनी.

स्मारकाच्या कमानीखालच्या दगडावर कोरलेले वाक्य भाचीने मला वाचून दाखवले आणि त्यात कर्ताच नाही म्हणून ती अडखळली. मी मात्र खूश झाले, कारण हा माझा प्रांत. आपल्याकडे कर्मणी प्रयोग आहे. 'शांतपणे विसावा घ्या, ती चूक पुन्हा केली जाणार नाही.' कोणाकडून, ते सांगायची गरज नाही. नेमक्या याच लपलेल्या कर्त्यावर १९५२ मध्ये एका भारतीयाने बोट ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यातले भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल हिरोशिमाला आले, तेव्हा बाँब टाकणारे हात जपान्यांचे नव्हते, मग चूक कबूल करणारे हे कोण, असा त्यांचा आक्षेप होता. ज्यांनी ते वाक्य रचले त्या प्राध्यापकांनी पालांना पत्र लिहून उत्तर दिले, आणि कर्ता म्हणजे सगळी मानवजात, असा अर्थ शहराने आजवर धरला आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे मला बरोबर वाटते. व्याकरणाच्या तासाला मी विद्यार्थ्यांना असे बोलू देत नाही.

जेवणाबद्दल न लिहिलेलेच बरे. शाकाहारी माणसाने हिरोशिमात उपवासाची तयारी ठेवावी. इथला प्रसिद्ध ओकोनोमियाकी तव्यावर रचला जाताना पाहायला सुंदर असतो आणि त्यात डुकराचे मांस असते. मी चार दिवस भाताच्या त्रिकोणी मुटक्यांवर काढले. त्यांच्या पोटात खारवलेले आंबट फळ असते, ते थेट आपल्या जुन्या लिंबाच्या लोणच्यासारखे लागते.

आता ६ ऑगस्टच्या सकाळकडे परत येते. समारंभ संपत आला तरी आम्ही आत पोचलो नव्हतो, म्हणून रांग सोडून ट्रामच्या रस्त्याकडे वळलो. तिथे ढोलकीचा आवाज ऐकू आला. पांढऱ्या वस्त्रांवर पिवळी चादर पांघरलेले दहा-बारा भिक्षू आणि भिक्षुणी पदपथावरून चालत होते. प्रत्येकाच्या हातात पंख्यासारखी, एका दांडीला ताणून बसवलेली चपटी डफली होती आणि दुसऱ्या हातात छोटी काठी. तीच लय पुन्हा पुन्हा येत होती, आणि तिच्यावर सात अक्षरे: ना मु म्यो हो रेन गे क्यो.

मी जागच्या जागी थांबले. ही ओळ मला लहानपणापासून पाठ होती.

सेवाग्राम आश्रमातल्या सर्वधर्म प्रार्थनेची सुरुवातच या ओळीने होते. माझे आजोबा मला वर्ध्याहून आठ किलोमीटर सायकलच्या दांडीवर बसवून संध्याकाळच्या प्रार्थनेला नेत असत. बापूंनी लावलेल्या पिंपळाजवळच्या दगडगोट्यांच्या मैदानावर बसून आम्ही 'नम्यो हो रेंगे क्यो' म्हणत असू, आणि ते 'करेंगे या मरेंगे'चेच काहीतरी रूप असावे अशी माझी कितीतरी वर्षे ठाम समजूत होती. ती ओळ जपानी आहे हे पुढे कळले. निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. पुढे त्यांच्या पंथातला एक भिक्षू आश्रमात राहत होता, जपान युद्धात उतरल्यावर पोलीस त्याला घेऊन गेले, आणि गांधीजींनी त्याचा मंत्र प्रार्थनेत कायम ठेवला. शत्रुराष्ट्राच्या भाषेतली प्रार्थना ऐन युद्धात रोज म्हटली जात होती, ही गोष्ट मला आजोबांनी सांगितली होती, आणि मी ती एखाद्या जुन्या भांड्यासारखी माळ्यावर टाकून दिली होती. अणुबाँबनंतर फुजी गुरुजींनी जगभर शांतिस्तूप उभारण्याचे काम हाती घेतले. वर्ध्याचा पांढरा विश्वशांती स्तूप त्याच परंपरेतला. शाळेची सहल म्हणून आम्ही तिथे जात असू आणि डबे खात असू.

माझे ओठ आपोआप हलायला लागले असावेत, कारण रांगेतली सर्वांत मागची भिक्षुणी थांबली. सत्तरीची असेल. मी भाचीला म्हटले, "सांग तिला, मी वर्ध्याची आहे." वर्धा हे नाव भाषांतराशिवाय पोचले. तिने डफली काखेत धरली आणि इतकी वाकून नमस्कार केला की मला कुठे पाहावे ते कळेना. मग तिने एकच प्रश्न विचारला, जो भाचीने मला मराठीत सांगितला: "ती विचारतेय, तिथे ही प्रार्थना अजून रोज होते का?"

"हो, रोज होते," मी म्हटले. उत्तर खरे होते. मात्र आजोबा गेल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षांत, मी त्या प्रार्थनेला एकदाही गेलेले नाही, हे मी भाषांतरासाठी दिले नाही.

आणि आणखीही एक गोष्ट दिली नाही. ११ मे १९९८ हा दिवस बुद्धपौर्णिमेचा होता. आमच्या वस्तीत जयंतीनिमित्त दुपारपासून खिरीचे वाटप सुरू होते. संध्याकाळी पोखरणची बातमी आली आणि चौकात फटाके फुटले. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. माझ्या एका हातात खिरीचा द्रोण होता आणि दुसऱ्या हातावर कोणीतरी पेढा ठेवला. मी दोन्ही खाल्ले, आणि दोन्ही मला गोड लागले. आजोबा त्या रात्री जेवले नाहीत, तेव्हा मी त्यांना 'तुमचा काळ गेला' असे म्हटले होते. महिना संपायच्या आत पाकिस्ताननेही स्फोट केले. २०२५ च्या मे महिन्यात दोन्ही देशांत चार दिवस क्षेपणास्त्रे आणि ड्रोन उडाले, तेव्हा आमच्या शिक्षकांच्या गटावर 'एकदाचे टाकून मोकळे व्हा' असा संदेश आला, आणि त्याखाली अंगठे उमटले. मी अंगठा दिला नाही. पण काही लिहिलेही नाही.

मोतोयासूच्याच काठी, डोमपासून (बाँबनंतर सांगाडाच उरलेली घुमटाची इमारत) जवळ, गांधीजींचा अर्धपुतळा आहे. २०२३ मध्ये बसवलेला हा ब्राँझचा पुतळा आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी घडवलेला. त्याच्यासमोर उभी राहून मी भाचीला फोटो काढू दिला आणि फोटोत हसू की नको हे मला ठरवता आले नाही. तो फोटो इथे टाकत नाही.

दुपार उन्हात गेली. संध्याकाळी नदीत दिवे सोडायचे होते. त्याचीही मोठी रांग होती, पण या वेळी आम्ही दोन तास आधी जाऊन उभे राहिलो. रंगीत कागद देतात, त्यावर मृतांचे नाव किंवा आपला संदेश लिहायचा आणि तो लाकडी चौकटीभोवती गुंडाळून द्यायचा. आसपासचे लोक 'शांती' हा शब्द आपापल्या भाषेत लिहीत होते. मी आजोबांचे नाव लिहिले आणि खाली ती ओळ, सेवाग्रामच्या भजनावलीत असते तशी देवनागरीत. चौकट बसवणाऱ्या कॉलेजच्या मुलाने कागद हातात घेतला, एकदा असा धरला, एकदा तसा धरला, आणि प्रश्नार्थक चेहऱ्याने माझ्याकडे पाहिले. कुठली बाजू वर, ते त्याला कळत नव्हते. मी शिरोरेषेवरून बोट फिरवले आणि आकाशाकडे दाखवले. तो हसला आणि त्याने कागद सरळ लावला.

दिवा पाण्यात गेला, थोडा पुढे सरकला आणि काठाच्या दगडाला लागून अडकला. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या एका माणसाने लांब बांबूने त्याला हलकेच ढकलले, मग त्याच्या मागच्या दिव्याला, मग त्याच्याही मागच्या.