जपलेल्या लिंका वेळेला सापडाव्यात म्हणून

भाचीला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं हे कळल्यावर घरातल्या प्रत्येकाने वाचायला सुरुवात केली. दादा रात्री उशिरापर्यंत श्रवणयंत्रांची माहिती चाळायचा, वहिनी बाळाशी कसं बोलावं, कसं खेळावं याचे व्हिडिओ शोधायची, आईला कुणी काही पाठवलं की ती ते आम्हाला पाठवायची. माहितीची वाण नव्हती. पण ऑडिऑलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, जायच्या आदल्या दिवशी ‘ते परवाचं चांगलं पान कुठे गेलं?’ हा प्रश्न ठरलेला. कधी ते व्हॉट्सॲपच्या ढिगात असायचं, कधी दुसऱ्याच कुणाच्या फोनवर, उघड्या ठेवलेल्या टॅबमध्ये. हे सगळं एका जागी लावायचं काम मी अंगावर घेतलं.

लिंका साठवायचं साधन निवडताना मी सर्वात आधी एवढंच पाहिलं, की उद्या इथून बाहेर पडायचं झालं तर सगळं सोबत नेता येईल का. कारण या सेवांचा इतिहासच तसा आहे. २००३ साली जोशुआ शॅक्टर यांनी सुरू केलेल्या डिलिशस या सेवेमुळे बुकमार्कला, म्हणजे जपलेल्या लिंकेला, टॅग म्हणजे ओळखीचं नाव लावायची आणि ते सगळ्यांना दाखवायची सवय जगभर पसरली. २००५ मध्ये याहूने ती सेवा घेतली, मग ती हातोहाती फिरली आणि २०१७ मध्ये पिनबोर्ड या तशाच दुसऱ्या सेवेने विकत घेतल्यावर तिथे नवीन काही साठवता येईना. गूगल बुकमार्क्स २०२१ मध्ये बंद झालं, पानं नंतर वाचायला ठेवायचं पॉकेट जुलै २०२५ मध्ये. टिकून राहिला तो बुकमार्कच्या साध्या एचटीएमएल फाइलचा साचा. नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळातला हा साचा आजही जवळपास प्रत्येक ब्राउझर वाचतो आणि लिहितो. ही फाइल देणारं, फोनवर आणि संगणकावर दोन्हीकडे चालणारं, पैसे न भरताही हव्या तेवढ्या लिंका ठेवू देणारं म्हणून मी रेनड्रॉप हे ॲप घेतलं. स्वतःचा सर्व्हर सांभाळता येत असेल तर लिंकडिंग किंवा वॉलाबॅगही चांगले आहेत. आमच्या घरात ते जमण्यासारखं नव्हतं.

ब्राउझरमधले बुकमार्क एका झटक्यात आत आले. व्हॉट्सॲपमधले मात्र हाताने उचलावे लागले. चॅटच्या माहितीत लिंका वेगळ्या दिसतात, तेवढाच आधार. उचलताना पत्त्याच्या शेवटी लोंबणारं, ‘utm’ अशी अक्षरं असलेलं शेपूट मी कापत गेले. कुणी कुठून क्लिक केलं हे मोजण्यापलीकडे त्याचा उपयोग नसतो. सरसकट प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं कापलं मात्र चालत नाही, यूट्यूबचा व्हिडिओ कोणता हे त्याच भागात असतं. देवनागरी पत्त्यांची तर वेगळीच तऱ्हा. कॉपी केल्यावर एकेका अक्षराची, एकेका मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि पर्सेंटच्या त्या रांगेवरून आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. अशा प्रत्येक लिंकेला मी नीट मराठी शीर्षक दिलं.

टॅगांवर आमची बरीच चर्चा झाली. वहिनी ‘शाळा’ लिहायची, दादा ‘शाळेसाठी’, आणि एकाचा शोध घेतला की दुसरं निसटायचं. मी म्हटलं, “दादा, नाव नेहमी मूळ रूपात, एकवचनात, देवनागरीत आणि सलग लिहायचं.” श्रवणयंत्र, निदान, बोलणं, शाळा, खर्च अशी मोजकी नावं ठरली. फोल्डरमध्ये पान एकाच कप्प्यात बसतं. पण लहान मुलांच्या यंत्राच्या खर्चाबद्दलचा लेख यंत्रातही हवा आणि खर्चातही, ती सोय टॅग करतो. यादी छोटी राहिली तरच घरातले सगळे ती पाळतात, हे मी ठामपणे सांगेन.

खरा फरक पडला तो टिपेमुळे. प्रत्येक लिंकेखाली दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या: हे का ठेवलं आणि मजकूर कोणत्या वर्षीचा. वर्ष का, त्याचं उदाहरण आमच्याच संग्रहात आहे. बाळाच्या ऐकण्याची चाचणी एका महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांच्या आत आणि उपचाराची सुरुवात सहा महिन्यांच्या आत व्हावी, असं अनेक पानं सांगतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संयुक्त समितीने २०१९ मध्ये त्यात भर घातली, की जिथे हे साधलं आहे तिथे एक, दोन, तीन महिन्यांचं उद्दिष्ट ठेवावं. वर्ष लिहिलेलं नसेल तर ही दोन पानं एकमेकांना खोडून काढताहेत असं वाटतं. टीप लिहिता येत नसेल, तर ते पान मी ठेवतच नाही. वाचून न कळलेलं पान साठवण्यापेक्षा त्यातला प्रश्न डॉक्टरांसाठी लिहून ठेवणं जास्त कामाचं.

आता संग्रह दोन आहेत. घरच्या संग्रहात दादा-वहिनीला बदल करता येतात, बाकीचे फक्त पाहतात. दुसरा सार्वजनिक आहे, तो अशाच वाटेवरच्या इतर आईवडिलांना पाठवतो. त्यात भाचीचं नाव, रिपोर्ट, फोटो काहीच नाही. लांब लेख पाठवताना क्रोममध्ये हवं ते वाक्य निवडून त्याचीच लिंक घेते, मग उघडणारा बहुतेक वेळा थेट त्या ओळीवर पोचतो. दमलेल्या पालकाला पूर्ण लेख वाचायला लावणं मला पटत नाही.

पानं नाहीशीही होतात. २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती, असं प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेला आढळलं. म्हणून अत्यंत महत्त्वाचं पान ठेवताना मी त्याचा पत्ता वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संग्रहातही नोंदवते आणि तिथल्या प्रतीची लिंक टिपेत जोडते. अधूनमधून पूर्ण संग्रहाची एचटीएमएल फाइल उतरवून घेते. तिची एक प्रत दादाच्या संगणकावर असते. पुढच्या भेटीआधी आता वहिनी यंत्र बसवल्यानंतरच्या दिवसांसाठी ‘यंत्रवापर’ या टॅगची भर घालते आहे, त्यातल्या टिपा तिच्याच आहेत.