पेपरवाले सायकलवाल्यांच्या विरोधात असतात का?

मी पुण्यातल्या एका मराठी दैनिकात डेस्कवर होते आणि अजूनही भाजी सायकलवर आणते. या दोन्ही गोष्टी माहीत असलेला माणूस भेटला की प्रश्न ठरलेला. पंक्चरच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सभेत, कुठेही. ‘ताई, तुम्ही तर पेपरात होतात. पेपरवाले सायकलवाल्यांच्या एवढे विरोधात का असतात हो?’ एरवी मी काहीतरी बोलून सुटका करून घेते. तुम्ही सायकलवाल्यांनी पुन्हा विचारलंत म्हणून या वेळी जरा सविस्तर सांगते.

विरोधात कुणीच नसतं. विरोध असता तर वाद तरी घालता आला असता. कुठल्याही संपादकाला विचारा, तो सायकलच्या बाजूनेच बोलेल. ३ जूनला जागतिक सायकल दिन, ५ जूनला पर्यावरण दिन, २२ सप्टेंबरला कारमुक्त दिन. या तारखांना तुमचा फोटो छापून येतो. हेल्मेट, रंगीत जर्सी, मागे शनिवारवाडा, पुढे झेंडा दाखवणारे मान्यवर. ग्रामीण आवृत्त्यांत हेच दृश्य मानव विकास कार्यक्रमाच्या सायकल वाटपाचं. आठवी ते बारावीच्या मुली रांगेत उभ्या, पालकमंत्री मधोमध. वर्षभराने त्यातल्या किती सायकली चालू आहेत, शाळेचा रस्ता सायकल चालवण्याजोगा आहे का, हे बघायला कुणी परत जात नाही. रात्रपाळी संपवून सिंहगड रस्त्याने सायकलवर घरी जाणारा वॉचमन तर कुठल्याच फोटोत नसतो. गंमत म्हणजे हा सगळा मजकूर छापलेला पेपर तुमच्या दारात टाकणारा पोऱ्या बरेचदा सायकलवरूनच येतो.

अडचण कुठे आहे, तर बातमी तयार कशी होते तिथे. पेपरात वाहतूक नावाचं एक बीट, म्हणजे एका बातमीदाराला नेमून दिलेला विषय, नसतं. अपघात क्राइमवाल्याकडे, रस्ते महापालिकावाल्याकडे, गाड्या अर्थ पानावर किंवा ऑटोच्या पुरवणीत, सायकल आरोग्य नाहीतर जीवनशैलीच्या पानावर. एकाच रस्त्यावरच्या या चार गोष्टी चार जणांच्या हातात असतात आणि ते चौघे चहालाच काय ते भेटतात.

अपघाताचंच घ्या. रात्री बातमीदार पोलिस ठाण्यांना फोन लावतो, नाहीतर व्हॉट्सॲपवर प्रेसनोट येते. प्रेसनोट म्हणजे फिर्यादीचा गोषवारा. हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून एकाच्या मृत्यूस कारणीभूत ठरल्याप्रकरणी गुन्हा दाखल. पूर्वी कलम ३०४ अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १०६. मेलेल्याचं नाव, वय, राहणार कुठला. चालक पसार किंवा ताब्यात. त्या चौकात पदपथ कुठे संपतो, दिवा बंद होता का, झेब्रा पट्टे पुसले गेले होते का, हे फिर्यादीत नसतं म्हणून बातमीतही नसतं. याच ठिकाणी मागच्या वर्षी कोण गेलं होतं ते जुने अंक चाळून बघावं लागतं, आणि पान सोडायची वेळ झालेली असते. मग सिंगल कॉलम, आणि मथळ्यात काळाचा घाला. घाला काळाने घातला म्हटल्यावर महापालिकेच्या पथ विभागाला फोन करायचं कारण उरत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातला जवळपास दर पाचवा पायी चालणारा होता. हा आकडा अहवाल आला की वर्षातून एकदा छापतात, आतल्या पानावर, नवी दिल्ली डेटलाइनने. शहराच्या पानावर त्यातली माणसं सुटी सुटी येतात. बेरीज वाचकानेच करायची.

यंत्रणेला धारेवर धरणं पेपरांना जमत नाही असं मात्र समजू नका. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला एका महागड्या गाडीने मोटारसायकलवरच्या दोघांना उडवलं, तेव्हा काय काय छापून आलं ते आठवा. गाडीची नोंदणी झाली होती का, पबमध्ये दारू कुणी दिली, रक्ताचे नमुने, जामिनाच्या अटीतला तीनशे शब्दांचा निबंध. आठवडेच्या आठवडे रोज नवा प्रश्न. तेच बातमीदार, तेच डेस्क, तीच डेडलाइन. चालवायचं ठरवलं की बातमी चालवता येते. फक्त त्यासाठी गाडी परदेशी असावी लागली आणि घर बड्यांचं. साध्या टेम्पोखाली गेलेल्या सायकलवाल्याला तेवढी जागा कुठली? आणि पुणे परिसरात रस्त्यावर कुणी मेलं नाही असा एक आठवडाही माझ्या आठवणीत नाही.

महापालिका बीटवर मात्र वाहतुकीची बातमी रोज असते, आणि ती एकच असते. कोंडी. कोंडी दिसते, पुलावर उभं राहून तिचा फोटो काढता येतो, वाचक स्वतः त्यात अडकलेला असतो. थांब्यावर अर्धा तास बसची वाट बघणारी बाई रोजचीच, तिची बातमी कशी करायची? आमचे बातमीदार दुचाकीवर फिरायचे, कारण दिवसात चार ठिकाणं गाठायची असत. संपादक गाडीतून यायचे. बसने येणारे म्हणजे शिपाई आणि जुने मुद्रितशोधक. त्यांना संपादकीय बैठकीला कोण बोलावणार?

याचा सगळ्यात मोठा फटका बीआरटीला, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या लेनच्या मार्गांना, बसला. कात्रज-स्वारगेट-हडपसर हा मार्ग डिसेंबर २००६ मध्ये सुरू झाला. काम अर्धवट होतं, थांब्यांपर्यंत पोचायची सोय धड नव्हती, रस्ता ओलांडणारी माणसं बससमोर यायची. टीका करण्यासारखं पुष्कळ होतं आणि ती केली ते बरोबरच होतं. पण मोजमाप कशाने केलं? शेजारच्या लेनमध्ये गाड्या किती तुंबल्या, याने. त्या रिकाम्या दिसणाऱ्या लेनमधून तासाला किती माणसं पुढे गेली, हा आकडा मला आमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या पेपरात मथळ्यात बघितल्याचं आठवत नाही. पीएमपीतून, म्हणजे पुण्याच्या शहर बसमधून, रोज दहा लाखांच्या आसपास माणसं जातात, आणि तरीही बसची लेन म्हणजे रस्त्याचा वाया गेलेला तुकडा, ही समजूत पक्की झाली. पुढे २०१५ मध्ये ‘रेनबो’ नावाने नवे मार्ग आले. नगर रस्त्यावरची बीआरटी काढून टाकली, तेव्हा पेपरांत सुटकेचा निःश्वास होता.

दिल्लीत तर याहून जोरात झालं. २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद असा जेमतेम सहा किलोमीटरचा पट्टा सुरू झाला आणि चिराग दिल्ली चौकातली कोंडी टीव्हीवर रोज दिसू लागली. कॅमेरा कुठे उभा होता ते बघा. गाडीच्या खिडकीशी. काच खाली होते, चिडलेला माणूस बोलतो, आणि ते दिल्लीचं मत होतं. २०१६ मध्ये तो मार्ग उखडायला सुरुवात झाली. अहमदाबादने २००९ मध्ये सुरुवात करताना नाव ‘जनमार्ग’ ठेवलं आणि पहिले काही महिने लोकांना फुकट फिरवलं. साहजिकच पहिल्या बातम्या बसमध्ये बसलेल्यांच्या आल्या. तिथली रचना दिल्लीपेक्षा चांगली होती हेही खरं, सगळं श्रेय बातम्यांना देऊ नये. पण पत्रकाराला बसमध्ये बसवणं हेही नियोजनच असतं, आणि आपल्याकडे ते कुणाला सुचलं नाही.

पैशांचंही तसंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी झाली. पान एक, ‘दिलासा’. मे २०२५ मध्ये मुंबईच्या बेस्ट बसचं किमान भाडं पाचाचं दहा रुपये झालं, जूनमध्ये पीएमपीनेही तेच केलं. त्या बातम्याही आल्या, पण त्यांना कायम एक शेपूट असतं, तोट्याचं. बस तोट्यात असते. उड्डाणपूल कधी तोट्यात असल्याचं वाचलंय तुम्ही? रस्त्यावरचा खर्च विकासाच्या खात्यात आणि बसवरचा तोट्याच्या, हा हिशेब महापालिकेच्या अंदाजपत्रकातून जसाच्या तसा पेपरात उतरतो. माझ्या मते सायकलच्या टिंगलीपेक्षा यानेच जास्त नुकसान केलं आहे.

आता जाहिराती. हे तुम्ही दबक्या आवाजात विचारता. दसरा आणि पाडव्याच्या अंकाला गाड्यांची जॅकेटं, म्हणजे पहिल्या पानावर चढवलेली पानभर जाहिरात, असतात, हे काही गुपित नाही, छापील पेपरांच्या मोठ्या जाहिरातदारांत वाहन उद्योग आहेच. पण ‘गाड्यांविरुद्ध लिहू नका’ असा फोन डेस्कवर आलेला मी तरी कधी ऐकला नाही. तशी गरजच नसते. गाड्यांसाठी पान असतं, त्या पानाला माणूस असतो, त्या माणसाला कंपनी नवी गाडी चालवून बघायला विमानाने घेऊन जाते. पीएमपीने नवी बस घेतली तर ती चालवून बघायला कुणी जात नाही, कारण बसला पान नाही. अलीकडे ऑटोच्या पानावर विजेची गाडी आली आणि तेच पान पर्यावरणाचंही झालं. विजेच्या गाडीतून धूर येत नाही, हे खरंच आहे. पण लक्ष्मी रस्त्यावर ती पार्किंगला जागा तेवढीच घेते.

भाड्याच्या सायकलींचं प्रकरण मात्र मला अजून चिडवतं. २०१७-१८ मध्ये पुण्यात एकामागून एक कंपन्या आल्या, महापालिकेने सायकल आराखडाही मंजूर केला, उद्घाटनांचे मोठे फोटो आले. मग मोडक्या, नदीपात्रात फेकलेल्या सायकलींचे फोटो आले, आणि मग पुणेकरांना शिस्त नाही असे अग्रलेख. झालं. ‘ऑफो’ ही चिनी कंपनी २०१८ मध्येच भारत सोडून गेली, आणि पुढे जगभर तिची तीच गत झाली. तिचा धंदाच उधारीच्या वाऱ्यावर उभा होता, यात पुणेकरांच्या शिस्तीचा काय संबंध? पण हे अर्थ पानावरच्या माणसाचं काम होतं आणि सायकल त्याच्या पानावर नव्हती. सायकल ट्रॅकवर दुचाक्या लावलेल्या असतात, तो मधेच झाडाशी किंवा विजेच्या डीपीशी संपतो, याचे फोटो आले ते ‘पुणेरी नमुना’ म्हणून. ठेकेदार कोण, नकाशा कुणी मंजूर केला, हे कुणी विचारलं नाही.

इथवर आलं की पंगतीतला कुणीतरी म्हणतोच, ‘हॉलंडला जमतं हो, त्यांची संस्कृतीच वेगळी.’ मला हे वाक्य ऐकवत नाही. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. विक लांगेनहोफ नावाच्या पत्रकाराची लहान मुलगी सायकलवरून शाळेत जाताना मोटारीखाली गेली होती. त्याने १९७२ मध्ये आपल्या पेपरात लिहिलं आणि मथळा दिला, ‘मुलांची हत्या थांबवा’. त्याच नावाने आयांची, शिक्षकांची, शेजाऱ्यांची चळवळ उभी राहिली. लोक रस्त्यांवर बसले, मुलांना खेळायला गल्ल्या बंद केल्या. पुढच्याच वर्षी तेलाचं संकट आलं, त्याचाही हातभार लागला. नुसत्या एका लेखाने देश बदलतो असं मी म्हणणार नाही. पण त्याने काळाच्या घाल्याला हत्या म्हटलं, आणि मग हत्या कुणी केली हा प्रश्न सरकारला चुकवता येईना.

मग आपण काय करायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न. रॅलीची प्रेसनोट पाठवणं थांबवा. ती छापून येईल आणि तेवढंच होईल. त्यापेक्षा तुमच्या रोजच्या वाटेवरचा एकच चौक धरा. तिथे गेल्या पाच वर्षांत झालेल्या अपघातांची नोंद वाहतूक शाखेकडून माहिती अधिकारात मागा. त्याच चौकाच्या कामाच्या निविदा पथ विभागाकडून मागा. दोन्ही कागद क्राइमवाल्याला नाही, महापालिका बीटवाल्याला द्या. क्राइमवाला त्यातून आणखी एक अपघात छापेल, महापालिकावाला ठेकेदाराचं नाव शोधेल. आणि फोन रविवारी दुपारी करा. कचेऱ्या बंद असतात, सोमवारच्या अंकाला बातम्या कमी पडतात, आणि डेस्कवरची बाई कागद नीट वाचून बघते.