फोक्सवॅगन पोलोच्या अलॉय चाकांचं रंगकाम घरीच केलं, त्याची हकिगत

पुढच्या डाव्या चाकातली हवा दर आठवड्याला उतरत होती. पंक्चर सापडेना, व्हॉल्व्हही ठीक. ऐरोलीतल्या आमच्या नेहमीच्या टायरवाल्या दादांनी शेवटी टायर रिमवरून उतरवला आणि टायर जिथे रिमला घट्ट बसतो ती कड मला दाखवली. तिथे पांढरी, खरखरीत पूड धरली होती. "पंक्चर कुठलं हो, अलॉय सडायला लागलंय," दादा म्हणाले. त्यांनी तारेच्या ब्रशने कड घासली, सीलर लावून टायर परत चढवला. हवा उतरायची थांबली. पण रिमचा दर्शनी भागही त्याच वाटेने चालला होता, आणि एवढी जपलेली गाडी चाकांमुळे म्हातारी दिसावी हे काही मला सहन होईना.

लोखंडाचा गंज तांबडा, म्हणून तो लगेच ओळखू येतो. अलॉय चाक ॲल्युमिनियमचं, त्याचा गंज पांढरा असतो आणि लॅकरच्या, म्हणजे वरच्या पारदर्शक थराच्या, खालून पसरतो. फुटपाथला रिम घासली की लॅकर फाटतं, त्या फटीतून ओलावा आणि मीठ आत शिरतं, आणि अळीने पान पोखरावं तशा बारीक वाकड्यातिकड्या पांढऱ्या रेघा उमटत जातात. वर लॅकर शाबूत दिसतं. नखाने उचकटलं की त्याचा पापुद्रा निघतो आणि खाली मळकट पांढरी धातू. आमच्या घरापासून खाडी चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे खारी दमट हवा बारा महिने. रोज विटाव्यावरून ठाण्याला जायचं, तिथले खड्डे आणि पावसाळ्यातलं गढूळ पाणी वेगळंच. डावीकडच्या दोन्ही चाकांची कड जास्त खरवडलेली होती, कारण गाडी लावताना फुटपाथ डावीकडेच येतो.

रबाळे एमआयडीसीत पावडर कोटिंग करून मिळतं. त्यात टायर उतरवून रिमचा जुना रंग पूर्ण काढतात आणि पावडर मारून साधारण 180 ते 200 अंशांना भट्टीत भाजतात. टिकाऊपणात घरचं काम त्याच्या जवळपासही जात नाही, हे मी मान्य करतो. पण माझ्या रिमना चीर नव्हती, बाक नव्हता, नुसती कड आणि लॅकर गेलं होतं. एवढ्यासाठी चारही टायर उतरवायचे नव्हते. चीर असती तर मात्र रंगाचा विचारसुद्धा केला नसता. चिरलेली रिम लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून झाकणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

काम काढलं ते दिवाळीनंतर. पावसाळ्यात हवेतला ओलावा ओल्या लॅकरवर बसतो आणि लॅकर दुधाळ होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्प्रे मारला तर शेजारच्या गाड्यांवर रंगाचे कण बसणार, म्हणून सेक्रेटरी काकांकडे गेलो. "काका, शनिवारी दुपारी गच्चीवरचा मागचा कोपरा वापरू का?" "वापर रे, पण पाण्याच्या टाकीपासून लांब. आणि कपडे वाळत असतील तर आधी खाली सांग." एका वेळी एकच चाक काढायचं, त्याच्या जागी स्टेपनी लावायची आणि काम होईपर्यंत गाडी हलवायची नाही, असं ठरवलं.

आधी धुणं. शाम्पूने साधी घाण गेली, पण पुढच्या चाकांवर ब्रेकची काळी पूड रंगात रुतून बसली होती. पोलोला पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि ब्रेकचा बराचसा भार पुढच्या चाकांवर, म्हणून पुढची चाकं कायम जास्त काळी. त्यावर आयर्न रिमूव्हर मारला. तो लोखंडाच्या कणांना लागला की जांभळा होतो. पाहता पाहता आऱ्यांवरून जांभळे ओघळ उतरले, आणि चकचकीत वाटणाऱ्या भागातही केवढं लोखंड बसलं होतं ते दिसलं. काही ठिकाणी अलॉयला ॲसिड किंवा कॉस्टिक चोळून देतात. ते कृपा करून करू देऊ नका. ॲल्युमिनियमला आम्लही खातं आणि अल्कलीही. डांबराचे ठिपके रॉकेलच्या बोळ्याने निघाले, शेवटी पुन्हा शाम्पू.

मग घासकाम, आणि सगळा जीव यातच आहे. कडेवरचे उभे राहिलेले खवले अर्धगोल कानशीने हळूहळू खाली आणले. ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे कानशीच्या दातांत भरून बसतं आणि तोच कण पुढच्या फेरीला नवा ओरखडा काढतो. त्यावर इलाज शाळेतला खडू. कानशीवर आधी खडू घासून घेतला की भुगा चिकटत नाही, एक झटका दिला की गळून पडतो. नंतर 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 240, मग 400 चा वॉटर पेपर पाण्यातून. पांढऱ्या रेघा जिथे संपल्यासारख्या दिसतात तिथे थांबायचं नाही, चांगलं लॅकर लागेपर्यंत दोन बोटं पुढे जायचं. गंजाचं एक टोक जरी आत राहिलं तरी ते वरचा नवा रंग पुन्हा उचलतं. जुना रंग आणि उघडी धातू यांच्या सीमेवर डोळे मिटून बोट फिरवायचं. डोळ्यांना न दिसलेली पायरी बोटाला बरोबर लागते, आणि लागली तर ती चंदेरी रंगाखाली हटकून दिसणार.

खोल ओरखड्यांत पॉलिस्टर लांबी भरली. हार्डनर शेकडा दोन ते तीन, जास्त घातला तर हातातच दगड होतो. लांबी उघड्या, खरखरीत धातूवर भरायची, इच प्रायमरवर (धातूला पकडणारा, ॲसिड असलेला रंगाखालचा पहिला थर) नाही, कारण त्यातल्या ॲसिडमुळे लांबी नीट धरत नाही. वाळल्यावर पुन्हा 240 आणि 400.

मास्किंगसाठी, म्हणजे रंग नको तो भाग झाकायला, खेळायचे जुने पत्ते वापरले. टायरमधली थोडी हवा सोडली की टायर आणि रिम यांच्या फटीत पत्ते एकावर एक सरकवत गोल फिरता येतं. व्हॉल्व्ह टेपने झाकला. चाक हबवर (गाडीच्या ज्या भागाला चाक बोल्टने बसतं तो) जिथे टेकतं तो मागचा पृष्ठभाग आणि बोल्ट बसण्याच्या खोलगट जागा यांवर रंगाचा थेंबही जाऊ द्यायचा नाही. तिथला रंग पुढे दबतो आणि बोल्ट ढिले पडतात. एवढं मात्र कोणीही टाळू नये.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून उघड्या धातूवर इच प्रायमरचा पातळ हात दिला. साधा प्रायमर ॲल्युमिनियमला धरत नाही, पोपडे येतात. त्यावर बारीक ओरखडे भरून काढणारा जाड प्रायमर, तो वाळल्यावर 600 चा वॉटर पेपर. चंदेरी रंग दुकानातून मिसळून कॅनमध्ये भरून आणला होता, नमुन्याला चाकाची मधली टोपी नेली होती. चाक सावलीत ठेवलं, कारण तापलेल्या रिमवर रंग पसरायच्या आधीच सुकतो. कॅन कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवला की फवारा बारीक येतो. कोमटच, गरम पाण्यात कधी नाही. पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या हाताला खालचा प्रायमर दिसत राहतो, तो दिसू द्यायचा. एकाच हातात झाकायला गेलं की ओघळ ठरलेला.

लॅकरच्या बाबतीत मी मुद्दाम कमी ताकदीचं निवडलं. हार्डनरवालं टू-के लॅकर जास्त कणखर असतं, पेट्रोललाही दाद देत नाही. पण त्यात आयसोसायनेट असतं, ते श्वासात जाऊन दमा जडू शकतो. मुलं खेळायला येतात त्या गच्चीवर मला ते उडवायचं नव्हतं. साधं ॲक्रिलिक लॅकर घेतलं, तरीही वाफा अडवणारा कार्ट्रिजचा मास्क लावला. कापडी मास्कने नुसती धूळ अडते. या मास्कसकट चारही चाकांचा खर्च साडेपाच हजारांच्या आसपास गेला.

चाक परत लावताना हबवरचा गंज ब्रशने काढला आणि बोल्ट कोरडेच ठेवले. त्यांना तेल-ग्रीस लावलं तर टॉर्कच्या (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या) पान्ह्यावर आकडा बरोबर दिसूनही बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. पोलोला 120 न्यूटन मीटर लागतात. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळले, हवा भरली, आणि पन्नासेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा पान्हा लावून पाहिला. आठवडाभर चाकांना पाणी लावलं नाही.

पहिला पावसाळा पार पडलाय. पुढच्या डाव्या चाकावर कडेला एक नवा ओरखडा आहे, पण आजूबाजूचं लॅकर उचललेलं नाही, पांढरी रेघही नाही. तेवढी जागा घासून पुन्हा रंगवायची आहे, दिवाळीनंतर. खालच्या मजल्यावरचे काका त्यांच्या गाडीची चाकं घेऊन विचारायला आले होते. त्यांची डायमंड कट निघाली, म्हणजे दर्शनी भाग लेथवर कापलेला आणि त्यावर नुसतं पारदर्शक लॅकर. हाताने घासलं तर लेथच्या त्या बारीक रेघा कायमच्या जातात. त्यांना म्हटलं, काका, ही घरी करू नका, आणि ज्यांच्याकडे चाकांचं लेथ आहे अशांकडे पाठवलं.